फारूक सरांबद्दल दोन ओळी हव्या होत्या

'हार्टस्टॉपर' या ब्रिटिश मालिकेवरचा तुमचा लेख आवडला, पण दुसऱ्या सीझनमधली शाळेची पॅरिस सहल म्हणजे 'नुसता गोडवा' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. निक-चार्ली ही प्रेमात पडलेली दोन शाळकरी मुलं गोड आहेतच. पण त्याच सहलीत चार्ली लूव्र संग्रहालयात चक्कर येऊन पडतो, कारण तो नीट जेवतच नसतो. आणि निकच्या ते लक्षात येतं. प्रेमात पडणं म्हणजे समोरच्याच्या ताटाकडेही लक्ष असणं, हे इतक्या साधेपणानं दाखवलेलं मी फार कमी पाहिलंय.

मला मात्र सगळ्यात भिडले ते सहलीला सोबत आलेले शिक्षक, फारूक सर. मुलांवर खेकसणारा, कडक माणूस. तोच सोबतच्या शिक्षकांना, अजायी सरांना हळूच सांगतो, की आपण गे आहोत हे फार उशिरा कळलं, या वयातले असे सुंदर क्षण हातून निसटले. मी तिथे थांबवून पुन्हा पाहिलं.

त्यांच्या वयाची माणसं शाळेत होती तेव्हा ब्रिटनमध्ये कलम २८ लागू होतं. १९८८ साली आलेल्या या कलमाने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला बंदी घातली आणि शिक्षक त्या विषयावर बोलायलाच घाबरू लागले. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली गेलं, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली. म्हणजे तोवर शाळेत याबद्दल विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता. आता तेच सर मुलांना सहलीला घेऊन आलेत आणि त्यांच्या देखत दोन मुलगे एकमेकांचा हात धरायला शिकतायत. लेखात त्यांचा उल्लेखच नाही, याचं खरंच वाईट वाटलं.