पंधरा वर्षे आणि रिकामा सडा

वाशीच्या खाडीपुलावरून रोज ट्रॉम्बेकडे, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राकडे, नजर जाते आणि मन खवळते. भारताची पहिली अणुभट्टी १९५६ मध्ये तिथे सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाचा प्राथमिक करार मात्र २०१० मध्ये होऊनही त्याच्या जागेवर, माडबन गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), एकही अणुभट्टी उभी नाही. समुद्रातील पवनऊर्जेचे धोरणही २०१५ चेच, आणि तेही कागदावरच! सत्तेत असताना घोषणा करायच्या, विरोधात बसताच त्याच प्रकल्पाविरुद्ध मोर्चे काढायचे, आणि विलंबाचे खापर आधीच्या सरकारवर फोडायचे, हे आम्ही किती वर्षे सहन करायचे? माझ्या वीजबिलात ‘इंधन समायोजन आकार’ अशी ओळ छापलेली असते. हे प्रकल्प होईपर्यंत भिस्त कोळशावरच, आणि कोळसा महागला की तो भुर्दंड आम्हीच भरतो, एकही मंत्री भरत नाही.