चौदाव्या लुईचा हुकूम कुठवर चालायचा?

"'राज्य म्हणजे मीच' असं चौदाव्या लुईने पार्लमाँला ठणकावलं, सगळ्या सरदारांना व्हर्सायमध्ये कोंडलं आणि अख्खा फ्रान्स एकट्याच्या हुकमावर चालवला." हे फॉरवर्ड माझ्याकडे तिसऱ्यांदा आलं, म्हणून लिहितोय.

आधी ते वाक्य. प्रसंग १६५५ सालचा सांगतात, तेव्हा लुई १६ वर्षांचा होता. पॅरिसच्या पार्लमाँच्या दप्तरात हे वाक्य सापडत नाही. (नावावर जाऊ नका, ही संसद नव्हे, वरिष्ठ न्यायालय.) मरताना तो जे बोलल्याचं नोंदलंय ते तर नेमकं उलट आहे: मी चाललो, राज्य मात्र राहणार.

सरदारांचं म्हणाल तर दरबार पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात गेला १६८२ मध्ये. नोकरचाकर धरून तिथे फार तर दहाएक हजार माणसं. फ्रान्समधली खानदानी मंडळी लाखाच्या वर! बहुतेकांनी तो राजवाडा पाहिलाही नसेल. जे गेले ते तनखे आणि लष्करी हुद्दे तिथे वाटले जात म्हणून.

खरी गोम 'एकट्याच्या हुकमावर' यात आहे. न्यायाधीशाची, करवसुलीची पदं राजा चक्क विकायचा, कारण लढायांना पैसा लागे. १६०४ पासून दरवर्षी किमतीचा साठावा हिस्सा भरला की पद वारसाकडे जाई, आपल्याकडच्या वतनासारखं पिढीजात. आता अशा माणसाला काढायचं तर त्याची किंमत परत करा, आणि तिजोरीत तर खडखडाट! म्हणून राजाने हवं तेव्हा परत बोलावता येतील असे इंटेंडंट नावाचे अधिकारी प्रांतोप्रांती नेमले. तेही जेमतेम तीस, आणि प्रजा दोन कोटींच्या आसपास. स्थानिक बड्या धेंडांना धरून राहण्यावाचून त्यांचं चालणार कसं? दक्षिणेकडच्या लांग्दोक प्रांतात तर कराची रक्कम प्रांतसभा मंजूर करायची. लुईच्या काळात तिथली घासाघीस कमी झाली हे खरं, पण सभा टिकली. मिठाचा करही सगळीकडे सारखा नव्हता. ब्रिटनी प्रांताला तो माफच होता.

पार्लमाँला मात्र त्याने खरंच दाबलं. राजाचे हुकूम ती आपल्या दप्तरात नोंदवी, आणि त्याआधी हरकत घेऊ शके. १६७३ मध्ये फर्मावलं, आधी हुकूम नोंदवा, हरकती मागाहून. मग १ सप्टेंबर १७१५ ला तो वारला. वारस लहान, म्हणून कारभार पुतण्याकडे जाणार होता; त्याचे हात बांधणारं मृत्युपत्र लुईने मागे ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी पार्लमाँने ते बाजूला सारलं, आणि पुतण्याने बदल्यात हरकतीचा हक्क परत दिला.