शनिवारवाडा ‘जसाच्या तसा’? कोणत्या सालचा?

आत्यानं सकाळी घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि खाली मला उद्देशून लिहिलं, “बघ, तुम्ही बसा टेप घेऊन वाडे मोजत, या पोरांनी अख्खा शनिवारवाडा दोन मिनिटांत उभा केला.” जुने वाडे मोजून त्यांचे नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे टोमणा बरोबर जागी बसला. आत्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून गप्प राहिलो. पण दुपारपर्यंत तोच व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळासोबत्यांच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळी भाच्याचा फोन: “मामा, यातला फोटो प्रोजेक्टमध्ये ‘शनिवारवाडा, १७३२’ असं लिहून लावू का?” तेव्हा मात्र राहवेना.

व्हिडिओखालचा मजकूर थोडक्यात असा: एआयनं शनिवारवाडा १०० टक्के अस्सल, जसाच्या तसा साकारला आहे. इंग्रजांनी पळवून लंडनच्या म्युझियममध्ये दडवलेल्या मूळ नकाशावरून हे काम झालं. सात मजली दगडी वाडा इंग्रजांनी तोफा लावून उडवला. इतिहासकारांना दोनशे वर्षांत जे जमलं नाही ते यंत्रानं केलं, आणि आता सरकारनं यावरूनच वाडा पुन्हा बांधावा. शेवटी अर्थातच ‘मराठी असाल तर पुढे पाठवा’.

“जसाच्या तसा.” म्हणजे कोणत्या दिवशी होता तसा? वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. खर्च १६,११० रुपये. हा झाला थोरल्या बाजीरावांचा वाडा. तट, बुरुज आणि दिल्ली दरवाजा त्यानंतरचे. नानासाहेबांनी वाढवला, पुढच्या पेशव्यांनी चौक जोडले, दिवाणखाने पाडले, नवे बांधले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वाड्याला आगीही लागल्या, त्यानंतर दुरुस्त्या झाल्या. नव्वदएक वर्षं सतत बदलत राहिलेली ही वास्तू. तिचं ‘जसंच्या तसं’ चित्र काढायचं तर आधी साल ठरवावं लागतं. व्हिडिओत साल नाही. त्यामुळे बाजीराव-मस्तानी हजारी कारंज्याच्या काठावर गप्पा मारत बसलेत. ते सोळा पाकळ्यांचं कारंजं सवाई माधवरावांसाठी केल्याचं सांगतात. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा, थोरले बाजीराव गेले १७४० मध्ये. पणतवाच्या करमणुकीच्या कारंज्यावर पणजोबा हवा खात बसलेत आणि खाली शंभर टक्के अस्सलचा शिक्का.

याहून बहारीचा प्रकार पहिल्याच दृश्यात आहे. ते थांबवून नीट बघा. दिल्ली दरवाजासमोर घोडदळ चाललंय, आणि त्या गर्दीच्या मधोमध, चौथऱ्यावर, घोड्यावर बसलेला बाजीरावांचा पुतळा! आज पटांगणात उभा आहे तोच. म्हणजे बाजीराव स्वतःच्याच पुतळ्याला वळसा घालून घरात शिरतात. आत गेल्यावर दोन इमारतींच्या मध्ये हिरवंगार लॉन, कडेनं कातरलेली झुडपं. ते लॉन आजच्या बागेचं आहे आणि त्याखाली जोती, म्हणजे जुन्या इमारतींचे दगडी चौथरे आहेत, म्हणजे तिथे इमारती होत्या. यंत्राला आजचे फोटो मिळाले, त्यानं आजची बाग तशीच ठेवून मोकळ्या जागी महाल पेरले. महाल तरी कुठले? पांढरा संगमरवर, घुमट, राजस्थानी छत्र्या आणि सिनेमाच्या सेटवरून उचललेला आरसेमहाल. पुण्याचा वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, तुळया, कडीपाट म्हणजे तुळयांवरची फळ्यांची जमीन, वर तक्तपोशी म्हणजे छताखालचं लाकडी अस्तर, भिंती विटांच्या. सुरूच्या आकाराचे खांब आणि त्यांच्यामधल्या लाकडी महिरपी ही ओळखीची खूण. ते बघायला लांब जायला नको, शनिपाराच्या पुढे विश्रामबागवाडा अजून उभा आहे. या व्हिडिओत लाकडाचा एक खांब नाही.

आता लंडनचा नकाशा. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो: लंडनमध्ये खरंच काहीतरी आहे. पण तो नकाशा नव्हे, तैलचित्र आहे. टेट संग्रहातलं. थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये रंगवलेलं, विषय १७९० चा पुणे दरबार: इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट पेशव्यांशी तह करतोय. तो दिवाणखाना शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल मानला जातो, आणि वाड्याच्या आतल्या भागाबद्दल कुणीही काही बोललं की फिरून फिरून याच चित्रापाशी येतं. चित्र मोलाचं आहे यात वाद नाही. पण ते तयार कसं झालं? डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्यानं जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून रंगवलं, आणि वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, म्हणजे तहानंतर. त्यानं पुण्यात माणसं आणि जागा प्रत्यक्ष पाहून रेखाटल्या, पण १७९५ मध्ये तो वारला. दहा वर्षांनी डॅनियलनं विलायतेत बसून त्या रेखाटनांचं भव्य चित्र केलं. विलायतेतल्या चित्रकारानं दिवाणखान्याची उंची थोडी ताणली असेल का, खांब दोन जास्त घातले असतील का? हे प्रश्न विचारायचे असतात, जोत्याच्या मापांशी ताडून बघायचे असतात. म्हणजे सगळ्यात चांगला पुरावासुद्धा असा, दोन हात फिरून आलेला. आणि इथे ‘मूळ नकाशा’ म्हणून मोकळे! कोणत्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाचा, कुणी काढलेला? एक ओळ तरी द्या.

“तोफांनी उडवला.” नाही. येरवड्याच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पुणं सोडून गेला आणि १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. वाडा त्यानंतर दहा वर्षं उभा होता आणि इंग्रज तो वापरत होते. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत तो गेला, आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. लाकडी होता म्हणूनच जळला, दगडी असता तर निदान भिंती राहिल्या असत्या. सात मजल्यांचं म्हणाल तर ती गोष्ट फार जुनी आहे, वरून आळंदीचा कळस दिसायचा हीसुद्धा. आळंदी सरळ रेषेत अठराएक किलोमीटर, दिसतही असेल. पण ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगावी, तिच्यावर संगमरवर चढवू नये.

“इतिहासकारांना जमलं नाही.” मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची आली. न जमायला काय झालं? जमवायचं कसं याचे लेखी नियम आहेत. हरवलेल्या वास्तू संगणकावर उभ्या करण्यासाठी २००६ मध्ये लंडन सनद झाली, २००९ मध्ये ती सुधारली. तिच्यावरून पुरातत्त्वासाठी सेव्हिल तत्त्वं आली, आणि ती कुठे मंजूर झाली माहितीये? दिल्लीत! डिसेंबर २०१७ मध्ये, इकोमॉसच्या आमसभेत. इकोमॉस म्हणजे जागतिक वारशाच्या बाबतीत युनेस्कोला सल्ला देणारी संस्था. त्यातलं चौथं तत्त्व अस्सलपणाचं आहे आणि ते एकच या व्हिडिओला पुरेसं आहे: बघणाऱ्याला खरं काय आणि कल्पनेतलं काय हे प्रत्येक वेळी वेगळं ओळखता आलं पाहिजे, आणि पुनर्रचनेचा कोणता भाग किती खात्रीचा आहे हे दाखवलंच पाहिजे. दुसरी अट पारदर्शकतेची. कोणता पुरावा घेतला, कोणता सोडला, अमुक खांब असाच का काढला, याची नोंद कामासोबत ठेवायची. या नोंदींना पॅराडेटा म्हणतात. त्या नसतील तर दुसरा कुणी तुमचं काम तपासू शकत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याला संशोधन म्हणत नाहीत.

शनिवारवाड्याला हे लावून बघू. आत गेलात की दिसतात ती जोती गेल्या शतकात, १९१९ नंतर, उत्खननातून उघडी झाली. त्यावरून तळमजल्याचा नकाशा बराचसा पक्का करता येतो. खांबाखालचा दगडी तळखडा जिथे जागेवर आहे तिथे दोन तळखड्यांमधलं अंतर मोजा, खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा मिळतो. इथवर पक्कं. खांब कसा होता? दिल्ली दरवाजावरचा नगारखाना वाचलाय, त्याचं लाकूडकाम बघा. शिवाय विश्रामबागवाडा आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. हा झाला तुलनेचा पुरावा. बरा, पण पक्का नव्हे. वरचे मजले? पेशवे दफ्तरातल्या खर्चाच्या नोंदी, डॅनियलचं चित्र, पाहुण्यांची वर्णनं, आणि उरलेला अंदाज. छपराचा उतार, भिंतींचा रंग, पडदे? जवळजवळ सगळा अंदाजच. प्रामाणिक माणूस याचं चित्र काढताना पक्कं एका रंगात, तुलनेचं दुसऱ्या आणि अंदाज फिकट रंगात दाखवतो. दिसायला ते भपकेबाज नसतं, व्हायरल तर मुळीच होत नाही. ‘रोम रीबॉर्न’ नावाच्या प्रकल्पात अख्खं प्राचीन रोम उभं केलंय, त्यांनीही आधी इ.स. ३२० हे साल ठरवलं आणि इमारतींचे सरळ दोन वर्ग केले: नीट माहिती असलेल्या काही शे, आणि नुसत्या अंदाजानं भरलेल्या सात हजारांच्या आसपास. दुसरा वर्ग किती मोठा आहे बघा. त्यांनी तो लपवला नाही.

आत्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र बोलली पाहिजे. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला जोती आणि गवत यापलीकडे काही दिसत नाही, त्रोटक पाट्या वाचून डोळ्यांपुढे वाडा उभा राहत नाही, आणि आम्ही मोजणीवाले आमची कामं अहवालांत गाडून ठेवतो. ती पोकळी कुणीतरी भरणारच होतं. चित्रं हवीतच. यंत्राच्या मदतीनं काढायलाही कुणाची ना नाही, फक्त साल आणि खात्रीची पातळी लिहा.

राहिलं ते “यावरूनच वाडा पुन्हा बांधा”. हे नुसतं हास्यास्पद नाही, घातक आहे, कारण याखाली अंगठे सर्वांत जास्त आहेत. संगमरवरी छत्र्यांचा हा महाल उभारायचा कशावर? खरी जोती आहेत त्यांच्यावरच. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं पंधरावं कलम उत्खनन झालेल्या जागी पुन्हा बांधकामाला स्पष्ट नकार देतं, मूळचेच सुटे झालेले भाग जागेवर बसवायला तेवढी मुभा आहे. शिवाय वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही म्हणून शनिवार पेठेतली माणसं पडक्या वाड्यांत वर्षानुवर्षं अडकून पडली आहेत. त्यांना सांगून बघा, की तुमच्या जिन्याला परवानगी नाही, पण समोर व्हिडिओवरून संगमरवरी महाल येतोय.

भाच्याला सांगितलं, फोटो लाव हवा तर, खाली ‘काल्पनिक चित्र’ लिही आणि शेजारी नगारखान्याचा खरा फोटो लाव. तो म्हणाला, बाई मार्क कापतील. बाईंच्या ग्रुपवरही तोच व्हिडिओ आलाय.