मुलुंडच्या काकांना उत्तर: भाड्याचं घर आणि कुलूप लावलेलं घर

नमस्कार काका,

दुसरं घर घेणाऱ्यांना मी माझ्या लेखात 'साठेबाज' म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'निवृत्तीच्या पैशातून मुलुंडला वन बीएचके घेतला. त्याच्या भाड्यावर आम्हा दोघांचं औषधपाणी चालतं. आम्हाला साठेबाज म्हणता? आमच्यासारखे लोक नसते तर भाडेकरू राहिले असते कुठे? भाडं बाजार ठरवतो, आम्ही नाही.'

'साठेबाज' हा शब्द तुमच्यापुरता मागे घेते. दुसरं घर असलेल्या सगळ्यांना मी एकाच तराजूत तोललं, ते चुकलं. ज्या घरात रोज कुणीतरी कुकर लावतं, ते साठवलेलं घर नव्हे. आणि आमचाही बोरिवलीला भाड्याने दिलेला फ्लॅट आहे, हे मी लेखातच सांगायला हवं होतं.

पण 'आम्ही नसतो तर' हे मला अर्धंच पटतं. बदलीवर आलेला माणूस, शिकायला आलेली मुलगी, यांना घर विकत घ्यायचंच नसतं. त्यांना भाड्याची जागा लागतेच. पण 2014 साली बोरिवलीचा फ्लॅट आम्ही बघितला, तेव्हा आमच्या आधी एक तरुण जोडपं तो पसंत करून गेलं होतं. त्यांचं ते पहिलंच घर होणार होतं. त्यांचं कर्ज मंजूर व्हायला वेळ होता, आमचे पैसे तयार होते. मालकाने आम्हाला दिला. पुढे एजंटकडून कळलं, त्या दोघांनी विरारला घर घेतलं. आम्ही बेकायदा काहीच केलं नाही. तरी त्यांचा रोजचा विरार लोकलचा प्रवास मला माझ्या हिशेबातून वगळता येत नाही.

माझा खरा राग आहे तो बंद घरांवर. 2017-18च्या आर्थिक पाहणी अहवालात, 2011च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा सुमारे 4.8 लाख दिलाय. त्याच जनगणनेनुसार मुंबईतले 40 टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. बंद घरांचे मालक म्हणतात, भाडेकरू बळकावून बसेल. या भीतीला एके काळी कारण होतं. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला बाहेर काढणं अवघड केलं. मग भाड्यासाठी नव्या चाळी कोण बांधणार? पागडी, म्हणजे भाड्याच्या जागेच्या हक्कासाठी वरून घेतली जाणारी मोठी रक्कम, फोफावली, जुन्या इमारतींची डागडुजी थांबली. पण 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराची, मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे त्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, ताबा मिळतो. वेळ जात असेल, पण वाट आहे. उलट 2019च्या अर्थसंकल्पाने स्वतःच्या वापरासाठी म्हणून ठेवलेल्या दुसऱ्या घरावरचा काल्पनिक भाड्याचा, म्हणजे न मिळणारं भाडं मिळतंय असं धरून लावलेला, करही काढून टाकला. म्हणजे तुम्ही भाडं घेता, त्यावर कर भरता. शेजारचा कुलूप लावून बसतो, त्याला काही नाही. काका, चिडायचंच तर यावर आपण दोघांनी मिळून चिडायला हवं.

आता 'भाडं बाजार ठरवतो'. ठरवत असेल. दार कुणासाठी बंद करायचं, ते मात्र आपण ठरवतो. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कुटुंब घर बघायला आलं. नवरा-बायको, दोन मुलं. घर आवडलं, डिपॉझिटही ठरलं. मग सोसायटीतून फोन आला, 'त्यांचं आडनाव बघितलंत ना? इथे चालणार नाही.' वाद नको म्हणून मी त्या बाईंना खोटं सांगितलं, की घर दुसऱ्याला दिलं. त्या फक्त 'बरं ताई' म्हणाल्या. मी भांडायला हवं होतं. माझं घर होतं, सही माझी होणार होती. भाडं घेण्यात मला पाप वाटत नाही. त्या दिवशी मी जे केलं, ते पाप होतं.

सध्याच्या भाडेकरूंचा करार जानेवारीत संपतोय आणि त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. एजंट म्हणाला, नवीन माणूस जास्त भाडं देईल. आम्ही आहे त्याच भाड्यात मे अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली. तुमच्या मुलुंडच्या घरात सध्या कोण राहतं, किती वर्षं झाली त्यांना? सवडीने नक्की लिहा.