गाडी पाणी पिते, पिऊ द्या

जुनी गाडी तापायला लागली की लगेच कारण शोधत बसू नका. कारण सापडलं तर दुरुस्ती करावी लागते, आणि दुरुस्ती झाली की गाडी तापायची थांबते. मग बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं कुठल्या निमित्ताने?

कूलंटची टाकी किमान रेघेच्या खाली गेलीय? भरा. चार दिवसांनी परत गेली? परत भरा. 'जुनी आहे, पिते थोडं पाणी' हे वाक्य पाठच करून ठेवा. ही यंत्रणा बंदिस्त असते, पाणी कमी झालं म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडलंय किंवा इंजिनाने आत जाळलंय, असलं काही कोणी सांगू लागलं तर विषय बदला. भरायचं ते नळाचंच पाणी. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं हे लाड झाले. त्याने गंज धरत नाही म्हणतात, पण गंज आणि क्षार साठून रेडिएटरच्या नळ्या बुजल्या की त्यांतून गळायला उरतं काय?

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच, असंच धरून चाला. त्यातली स्प्रिंग आत साधारण 1 बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, या माहितीचा आपल्याला काही उपयोग नाही. झाकणाचं रबर चिरलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेरची वाट धरतं. पण या सगळ्या कारभारातली सर्वांत स्वस्त वस्तू तीच, म्हणून ती सर्वांत शेवटी बदलायची. आधी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून घ्या. बाकी, गरम गाडीचं झाकण फडकं धरून उघडणारे शूरवीर मी पाहिलेत. त्यानंतर बरेच दिवस ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात.

गळती शोधायची नाही असं ठरवूनही कधी कधी ती दिसतेच. माझ्या गाडीच्या वॉटर पंपाच्या पोटाशी पेन्सिलच्या टोकाएवढं एक भोक होतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर टिपकावं आणि मालकाला कळावं, म्हणून बनवणाऱ्यांनीच ते ठेवलेलं असतं. त्याच्या तोंडाशी हिरवट-पांढरी खपली धरायची, मी नखाने ती खरवडायचो आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा हजर. शेवटी मी ते भोक लांबीने, म्हणजे पुटीने, नीट बुजवलं. टिपकणं थांबलं, फार समाधान वाटलं. मग बेअरिंग बसलं. पट्टा घेऊनच बसलं.

एका उपकरणापासून मात्र जपा. थंड गाडीवर झाकणाच्या जागी एक हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच दाब देतात आणि पंधरा मिनिटं त्याच्या दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहतात. काटा उतरू लागला की टॉर्च घेऊन खाली वाकायचं. होसच्या, म्हणजे रबरी नळीच्या, क्लिपपाशी ओल दिसते, रेडिएटरच्या कडेला दिसते, नाहीतर आत, पायांखालच्या गालिचाखाली. गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं येतं ते गळक्या हीटरमुळे, हे असं उगाच उघड होऊन बसतं. तुम्ही आपला डॅशबोर्डवर अत्तराचा खडा ठेवा.

गाडी केव्हा तापते याची नोंद ठेवू नका. सिग्नलला तापते आणि धावू लागली की निवते, तर पंखा फिरत नसेल. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते, तर रेडिएटर तुंबला असेल नाहीतर पाणीच पुरेसं फिरत नसेल. इतकं सोपं झालं तर चर्चा कशावर करायची? त्यापेक्षा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेका. हा सल्ला देणारा माणूस कुठेही भेटतो. नंतर इंजिन वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल जास्त खातं, पण त्याचा दोष पेट्रोलवर ढकलता येतो.

गळती कुठेच नाही आणि पाणी तरी जातंय? सकाळी गार गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होस दाबून बघू नका. दगडासारखा टणक लागला तर 'हेड गॅस्केट', म्हणजे हेडखालचं सील, हे शब्द मनात येतील आणि दिवस खराब जाईल. टाकीत सतत बुडबुडे दिसले तर गाडी श्वास घेतेय म्हणा. एक निळं औषध असतं, टाकीतली हवा त्यातून ओढली आणि सिलिंडरमधला धूर त्यात असला, तर ते पिवळं पडतं. तुम्ही डोळे मिटून घ्या.

एवढं सगळं पाळलंत तर एक दिवस तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाईल. घाबरून गाडी बाजूला घेऊ नका. थोडं पुढे गेलात की तो आपण होऊन खाली येईल, पार गारच्या खुणेपर्यंत. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. आता त्याच्याभोवती पाणीच उरलेलं नाही. एसी लावा, गाणं मोठं करा, पुढच्या चढाला दुसरा गिअर टाका.