कोल्ह्याच्या पोटाखाली झोपलेली गूज

एप्रिलमधली सकाळ. मागचं दार उघडलं तर पक्ष्यांना पळवायला नवऱ्याने मोठ्या हौसेने आणलेला प्लास्टिकचा कायोटी, म्हणजे अमेरिकेतला कोल्हा, लॉनवर दात विचकून उभा, आणि त्याच्या पोटाखालच्या सावलीत एक कॅनडा गूज, म्हणजे हंसाच्या जातीचा मोठा पाणपक्षी, मान पाठीत खुपसून निवांत झोपलेली. कायोटी येऊन तिसराच दिवस होता. पहिल्या दिवशी सगळ्या गीज (गूजचं अनेकवचन) तळ्यात पळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लांबून माना उंचावून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी हे.

आमच्या अमेरिकेतल्या घरामागे तळं आहे आणि तळ्यापर्यंत उतरत गेलेलं लॉन. घर घेताना त्याच दृश्यावर भाळलो. गीजपण त्याच दृश्यावर भाळतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

बहिणीला फोनवर म्हटलं, "अगं, मागे हंस येतात रोज." तर तिचा गळाच भरून आला. "किती भाग्याची गं तू!" तिच्या डोळ्यांपुढे सरस्वतीचं वाहन, नीरक्षीरविवेक वगैरे. तसा तिचाही दोष नाही, आपला 'हंस' आणि इंग्रजी 'गूज' हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. पण दूध-पाणी वेगळं करणं यांच्या गावी नाही. कोणाचं लॉन सर्वांत कोवळं, एवढा विवेक मात्र पक्का. आणि मराठीत गूज म्हणजे कानात हळूच सांगायची गोष्ट; यांचं गूज पहाटे पाचला अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

आता घाणीबद्दल. ज्यांच्या घरी गीज येतात त्यांना सांगायला नको, आणि इतरांना कितीही सांगितलं तरी कळणार नाही. बोटाएवढी जाड, हिरवट-पांढरी, पावसाने भिजली की केळीच्या सालीसारखी निसरडी. गवत पचवण्याची यांची ताकद फार नसते, म्हणून दिवसभर खायचं आणि दिवसभर टाकत चालायचं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात उतरतो आणि ऑगस्टपर्यंत पाण्यावर शेवाळाची साय धरते. ते सगळं बुटांना लागून घरात येतं, तो भाग मी सोडून देते.

"थंडी पडली की दक्षिणेला का जात नाहीत मेल्या?" हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर वाचलं आणि जरा वरमले. शिकारी लोक पूर्वी जिवंत गीज पाळायचे, आकाशातल्या थव्यांना खाली बोलवायला आमिष म्हणून. 1935 मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि असे पाळलेले पक्षी मोठ्या संख्येने मोकळे झाले. स्थलांतराची वाट पिल्लं आईबापांच्या मागे उडत शिकतात. ज्यांच्या आईबापांनाच ती ठाऊक नाही, ती पिल्लं जिथे जन्मली तिथेच राहिली. यांच्यातली सर्वांत मोठी उपजात, जायंट कॅनडा गूज, तर नामशेष झाली असंच लोक धरून चालले होते. 1962 मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या तळ्यावर ती पुन्हा सापडली, मग ठिकठिकाणी मुद्दाम वाढवून सोडली. म्हणजे आज माझ्या लॉनवर फिरणारी ही मंडळी माणसानेच इथे वसवलेली आहेत.

आणि आम्ही त्यांना रोज पंगत वाढत होतो. गूजला काय लागतं? आखूड, कोवळं, खत घातलेलं गवत. चारी बाजूंनी मोकळं, म्हणजे शत्रू लांबून दिसावा. आणि धोका दिसला की चार पावलांत पाणी. दर शनिवारी गवत कापून, वर्षातून तीनदा खत टाकून आणि स्प्रिंकलर लावून आम्ही नेमकं तेच तयार करत होतो, आणि वर पाहुणे जेवायला बसले म्हणून बोंबलत होतो.

पण हे सुचायला दोन उन्हाळे गेले. तोवर नवऱ्याचे प्रयोग. कायोटीच्या आधी प्लास्टिकचं घुबड होतं, मग चमकत्या पट्ट्या आल्या. वाऱ्यावर फडफडल्या की आम्ही दचकायचो, गीज नाही. मग द्राक्षाच्या वासाचा फवारा. त्यात मिथाइल अँथ्रानिलेट असतं. काही द्राक्षांना त्याचाच वास येतो आणि पक्ष्यांना तो झोंबतो. खरंच चालतो. पण पाऊस पडला किंवा गवत कापलं की पुन्हा मारा. आमच्याकडे त्या मे महिन्यात पावसाने उघडीपच दिली नाही.

बॉर्डर कॉली हे मेंढ्या वळवणारं कुत्रं मात्र खरं औषध, असं माझं मत आहे. कारण ते हलतं, टक लावून बघतं, दबकत येतं, आणि रोज वेगळ्या वेळी येतं. पण त्याचा उपयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये, जोड्या घरट्यासाठी जागा हेरत असतात तेव्हा. एकदा घरटं झालं की गाडी चुकली. आणि जून-जुलैमध्ये तर कुत्रं सोडूच नका. त्या काळात यांची उडण्याची सगळी पिसं एकदम गळतात, चार ते सहा आठवडे उडताच येत नाही. पळता न येणाऱ्याला घाबरवणं हा नुसता दुष्टपणा.

मादी बहुतेक वेळा जिथे लहानाची मोठी झाली तिथेच अंडी घालायला परत येते. म्हणजे माझं लॉन हे तिचं माहेर. आज एका घरट्यातून पाच पिल्लं उडाली, तर दोन-तीन वर्षांनी त्यातल्या लेकी जोडीदारांसकट हजर. म्हणून अंड्यांपर्यंत जावं लागलं, आणि या विषयावर लोक माझ्याशी भांडतात.

आधी कायद्याचं. अमेरिकेच्या 1918 च्या, स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अॅक्टखाली हा पक्षी, त्याचं घरटं, अंडी, सगळं संरक्षित आहे. 'माझी जागा आहे' म्हणून अंडं उचलून फेकलंत तर गुन्हा. मात्र फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याकडे दर वर्षी ऑनलाइन, फुकट नोंदणी करता येते. मग 1 मार्च ते 30 जून या काळात आपल्या जागेतल्या घरट्यांना हात लावता येतो आणि किती अंडी हाताळली त्याचा हिशेब 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी बघायचे.

घरटं झुडपाखाली होतं, काठापासून दहा पावलांवर. नवरा उघडी छत्री ढालीसारखी धरून नराच्या समोर उभा, नर मान जमिनीला समांतर करून फुत्कारतोय, आणि मी गुडघ्यावर, शेजारी पाण्याची बादली. पाच अंडी. अंगच्याच मऊ पिसांमध्ये गुंडाळलेली, हाताला चांगली ऊबदार लागली. एकेक अंडं पाण्यात सोडायचं. तळाशी बसलं तर नवं. तरंगलं तर आत पिल्लू धरलंय, गुपचूप परत ठेवायचं आणि निघून यायचं. आमची पाचही तळाशी बसली. फडक्याने मक्याचं तेल सगळीकडून चोपडलं, म्हणजे कवचाची छिद्रं बुजतात आणि आत वाढ होत नाही. मग होती तशी परत ठेवली. फेकली असती तर तिने पुन्हा घातली असती. तशीच ठेवली की ती उबवत राहते.

ती बसून राहिली. अठ्ठावीस दिवसांत पिल्लं यायची, ते दिवस उलटून गेले तरी बसून होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची, आणि मला त्या दिवसांत खिडकीशी उभं राहावंसं वाटायचं नाही. मग एक दिवस उठून गेली. ज्यांचं घरटं फसतं, त्यातल्या बऱ्याच जणी पिसं गळायच्या आधी उत्तरेकडे उडून जातात. पिल्लं असतील तर सगळं कुटुंब उन्हाळाभर तुमच्याच गवतावर. हा हिशेब मला पटला म्हणून मी ते केलं, पुन्हाही करेन. पण 'त्याला काय, नुसतं तेल तर लावायचं' असं मला कोणी म्हणू नये.

शेजारच्या आजी मला निर्दय म्हणाल्या. त्या स्वतः रोज संध्याकाळी पाव घेऊन काठावर बसतात. पलीकडच्या गृहस्थांना वाटतं की उडता येत नाही त्या आठवड्यांत सगळ्यांना घेरून पकडावं आणि संपवावं. परवाना घेऊन तसं केलंही जातं. मला दोघांचंही पटत नाही. पावाने त्या माणसाला चिकटतात आणि मग कोणाच्या तरी लहान मुलावर धावून जातात. आणि मारून जागा रिकामी केली तरी लॉन तसंच राहतं. रिकामी खानावळ किती दिवस रिकामी राहणार?

शेवटी खानावळच बंद केली. काठाने वीस फूट रुंदीचं लॉन काढून तिथे स्विचग्रास, सेज, ब्लू फ्लॅग आयरिस, जो-पाय वीड अशी उंच वाढणारी गवतं आणि फुलझाडं लावली. ती कमरेएवढी वाढली की गूजला पलीकडचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागेतून ती पिल्लं घेऊन चालत येत नाही. तळ्याकडे जायची पायवाट वळणावळणाची ठेवली. सरळ ठेवलीत तर तीच त्यांचा राजरस्ता होते. पहिल्या वर्षी रोपं लहान असताना त्यांनी अर्धी खुडून खाल्ली, तेव्हा खुंट्या ठोकून सहा आणि बारा इंचांवर दोन दोऱ्या ताणल्या. एवढ्याशा दोरीने अडतात, विश्वास बसत नाही.

नवरा दृश्य गेलं म्हणून आठवडाभर रुसला. कॉलनीच्या कमिटीने 'तण वाढले आहे' असं पत्र पाठवलं. लागवडीचा नकाशा आणि झाडांची यादी जोडून उत्तर दिलं. त्यानंतर काही आलं नाही.

या वर्षी वाफ्यात घरटं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून आलेला खरा प्रवासी थवा दोन रात्री पाण्यावर उतरला, त्यांना मी दारात उभी राहून हौसेने बघितलं. आणि परवा सकाळी आमच्याच ओळखीच्यांपैकी एक जोडी काठाशी पोहत आली. नराने मान ताणून गवताच्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, काहीतरी पुटपुटला, आणि दोघं वळून पलीकडच्या काठाला गेली. तिथे कमिटीचं सामाईक लॉन आहे. आदल्या दिवशीच कापलेलं, खत टाकलेलं, आणि मधोमध नवी कोरी पाटी: 'गीजना खायला घालू नये'.