पालक सहभाग वाढवण्याची खात्रीशीर पद्धत

मुख्याध्यापक महोदय, ठाण्यातील आपल्या शाळेत पालकांचा सहभाग वाढवण्याचे आपण मनावर घेतले, हे फारच उत्तम झाले. सर्वप्रथम पालकसभा मंगळवारी सकाळी साडेअकराला ठेवावी. त्या वेळी बहुसंख्य पालक लोकलने मुंबई गाठून कामाला लागलेले असतात. त्यामुळे खुर्च्या कमी पडत नाहीत, आणि "पालकांनाच आस्था नाही हो" असे वर्षभर म्हणण्याचा आपला हक्क अबाधित राहतो.

शुल्क विनियमनाचा 2011 चा कायदा मात्र जरा जपून हाताळावा. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा आणि कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने घ्यावा, असे तो सांगतो. सोडतीची सूचना अवश्य लावावी. फक्त ती फाटकाच्या आतल्या फलकावर लावावी आणि पालकांना फाटकाच्या आत न सोडण्याची सक्त ताकीद रखवालदारास द्यावी. आपली शाळा अनुदानित असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात. परंतु घाबरू नये, इतिवृत्त आधी लिहून घेऊन शिपायामार्फत घरोघरी सह्या घेतल्या की कोरम पूर्ण होतो.

आता प्रत्यक्ष वर्गातील सहभागाकडे वळू. पाहुणे म्हणून डॉक्टर आणि उद्योजक पालकच बोलवावेत, कारण त्यांच्यासोबतचे छायाचित्र प्रवेशाच्या जाहिरातीत शोभते. चेंदणी कोळीवाड्यातील एखादी आई चुकून फळ्यापाशी पोहोचली, तर पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीचे भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, ती पाच मिनिटांत बोटांवर मोजून दाखवील, खाडीत आता कोणती मासळी मिळेनाशी झाली तेही सांगेल, आणि मुले प्रश्न विचारू लागतील. मग भरती-ओहोटीच्या धड्याखालची प्रश्नोत्तरे वहीत उतरवायची केव्हा? तिला वार्षिक स्नेहसंमेलनात कोळीनृत्याच्या साड्या नेसवण्यास बोलवावे, तेथे तिचा सहभाग निःसंशय मोलाचा आहे. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, त्याबद्दल पडद्यावर चित्रफीत दाखवावी. खाडी शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ असली तरीही.

प्रकल्पांच्या बाबतीत आपल्या शाळेने आधीच आदर्श घालून दिलेला आहे. रात्री दहाला समूहावर "उद्या ज्वालामुखीची प्रतिकृती आणावी" असा संदेश पडताच जो सहभाग घराघरांत उसळतो, त्याला तोड नाही. सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी असूनही पालक तो कुठून पैदा करतात, हे एक कोडेच आहे. श्रेणी अर्थातच मुलाच्या नावे द्यावी.

वर्षाअखेरीस अभिप्राय अर्ज जरूर वाटावेत. पालकांनी निर्भीडपणे लिहावे असे वर ठळक अक्षरांत छापावे आणि त्याखाली पाल्याचे नाव, इयत्ता, तुकडी व हजेरी क्रमांक यांसाठी रकाने ठेवून ते भरणे अनिवार्य करावे.